रिफायनरी शटडाऊनला पहिल्यांदाच मेकॅनिकल लीड झालात? मग उघडलेलं सगळं मोजायला शिका

गेल्या महिन्यात पुतण्याचा रात्री साडेअकराला फोन. "काका, मला शटडाऊनला मेकॅनिकल लीड केलंय, ४० दिवस राहिलेत, काय काय वाचू सांगा." म्हटलं वाचायचं राहू दे, आधी वही घे. पोरगा हुशार आहे, कोडबुकं बऱ्यापैकी तोंडपाठ, पण आत्तापर्यंत दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेलं आणि आता एकदम ३०० माणसं, ४८ एक्स्चेंजर (नळ्यांतून उष्णता इकडची तिकडे देणारी यंत्रं), सहा कॉलम (उंच उभे मनोरे), पंप वेगळेच. त्याला त्या रात्री आणि नंतर तीन-चार फोनवर जे सांगितलं तेच इथे मांडतोय, कारण आमच्या चेंबूर-माहुल-उरण पट्ट्यात आणि तिकडे आखातातही ह्या कामात मराठी पोरं भरपूर आहेत आणि हे कॉलेजात कुणी शिकवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, रिफायनरीचं युनिट साधारण तीन-चार वर्षं अखंड चालतं, मग काही आठवडे बंद करून सगळं उघडतात, साफ करतात, तपासतात, बदलतात आणि परत बंद करून चालू करतात. हे शटडाऊन. एकेक दिवसाचं प्रॉडक्शन बुडत असतं म्हणून सगळ्यांची नजर तारखेवर, आणि तारीख सांभाळायची म्हणजे शेवटी मेकॅनिकलच्या गळ्यात. पुतण्याला पहिलंच वाक्य सांगितलं ते असं की तुला सगळ्यात भारी फिटर व्हायचं नाहीये, तुला फक्त कुठल्याही क्षणी सांगता आलं पाहिजे की आज काय काय उघडं आहे, कुणी उघडलं, आणि कोण बंद करणार. बाकी सगळं ह्यातूनच निघतं.

१. यादी करा, पण ऑफिसात बसून नको

प्लॅनिंगवाले तुम्हाला एक एक्सेल देतील. ते घ्या, प्रिंट काढा आणि युनिटमध्ये चालत जा. सोबत जुना माणूस हवा, गेल्या शटडाऊनला असलेला, फोरमन असला तर उत्तम. प्रत्येक इक्विपमेंटपुढे उभं राहून बघायचं: परांची कुठे लागेल, क्रेन कुठे उभी राहील, बंडल (एक्स्चेंजरच्या आतला नळ्यांचा जुडगा) ओढायला समोर जागा आहे का मधे नंतर कुणीतरी पाइप टाकून ठेवलाय, नेमप्लेटवर रंग मारलाय का. टेप खिशात ठेवा. ड्रॉइंगमध्ये ८ इंची फ्लँज (पाइपच्या टोकाची बोल्टने जोडायची कडी) आणि जागेवर ६ इंची, असं होतं, आणि ते शटडाऊनच्या चौथ्या रात्री कळलं तर गॅस्केट (दोन फ्लँजमध्ये गळती रोखणारी चकती) कुठून आणणार.

मग प्रत्येक इक्विपमेंटला एक पान. त्यावर काय उघडायचं, किती ब्लाइंड (लाइन बंद करायला मधे घालायची आंधळी चकती), किती गॅस्केट आणि कुठल्या, कुठलं क्लीनिंग, इन्स्पेक्शनवाले कुठे थांबवणार, टेस्ट कुठली. उदाहरण म्हणून साधा फ्लोटिंग हेडवाला एक्स्चेंजर घ्या. बाहेरचं कवच ते शेल, नळ्या ज्या जाड चकतीत बसतात ती ट्यूबशीट, पुढचा डबा तो चॅनल, आणि मागचं सरकतं टोक ते फ्लोटिंग हेड. चॅनल कव्हरची एक गॅस्केट, चॅनल आणि ट्यूबशीटमधली एक, ट्यूबशीट आणि शेलमधली एक, फ्लोटिंग हेडची एक, शेल कव्हरची एक आणि नोझलच्या चार. झाल्या नऊ. आता टेस्टला एकदा लावून काढायच्या त्या वेगळ्या, एखादी टेस्ट फेल गेली तर अजून वेगळ्या. नवीन लीड नऊ मागवतो आणि फसतो. मी आतल्या गॅस्केटचे निदान दोन सेट धरतो, आणि फ्लोटिंग हेडचे तीन.

लांबच्या वस्तू म्हणजे नवीन बंडल, फोर्ज्ड फ्लँज, मेकॅनिकल सील, मोठे व्हॉल्व्ह, ह्यांची ऑर्डर महिनोन्‌महिने आधी गेलेली असते. तुम्ही फक्त एक करा, स्टोअरमध्ये स्वतः जाऊन त्या पेट्या उघडून बघा. "मटेरियल आलंय" ह्या वाक्यावर विश्वास ठेवून मी एकदा असा अडकलोय की बस. पेटीत बंडल होतं पण ट्यूबशीटची भोकं शेलच्या भोकांशी जुळत नव्हती.

आणि स्कोप एका तारखेला बंद करायचा. त्यानंतर जो कुणी "जाता जाता हा व्हॉल्व्ह पण बघून घ्या" म्हणेल त्याला लेखी मागा. चहा पाजा, पण लेखी मागा.

२. गॅस्केट, स्टड आणि धातू : इथे वेळ घालवा

लोक क्रेनकडे आणि मोठ्या लिफ्टकडे बघत बसतात, पण शटडाऊन नंतर गळतं ते फ्लँजला. म्हणून शटडाऊनच्या आधीचा निदान एक आठवडा ह्या बारीक वस्तूंना द्या.

स्पायरल वाउंड गॅस्केटच्या बाहेरच्या रिंगला कडेने रंग असतो, तो शोभेचा नाही. पिवळा म्हणजे ३०४ स्टेनलेस, हिरवा म्हणजे ३१६, फिरोजी ३२१, निळा ३४७. शिवाय तुटक पट्टे असतात, करडे म्हणजे आत ग्राफाइट भरलंय, पांढरे म्हणजे टेफ्लॉन. गरम लाइनला पांढऱ्या पट्ट्याची गॅस्केट गेली तर टेफ्लॉन काही टिकणार नाही. हे हेल्परला पण माहीत पाहिजे कारण रात्री तीनला स्टोअरमधून गॅस्केट घेऊन येणारा तोच असतो. मी एक पुठ्ठा करायचो, त्यावर प्रत्येक रंगाची खरी गॅस्केट तारेने बांधलेली, खाली हिंदीत मोठ्या अक्षरात नाव, आणि तो स्टोअरच्या खिडकीला टांगायचो.

स्टडवर, म्हणजे फ्लँज आवळायच्या आट्यांच्या दांड्यावर, शिक्का बघा. नेहमीच्या गरम कामाला बी७ स्टड आणि २एच नट. एलपीजीसारखी थंड पडणारी लाइन असेल तर एल७ लागतो. दिसायला दोन्ही सारखेच, काळे-तेलकट, एकाच गोणीत पडले की संपलं. गोण्या वेगळ्या, रंग वेगळा, आणि जुन्या काढलेल्या स्टडची गोणी तिसऱ्याच जागी.

आता धातूचं. २००५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ माणसं गेली हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण त्याच रिफायनरीत त्याच वर्षी २८ जुलैला दुसऱ्या युनिटमध्ये मोठी आग लागली तिची गोष्ट मेकॅनिकलवाल्यांनी पाठ करून ठेवावी. एक्स्चेंजरजवळ हायड्रोजन लाइनचे तीन ८ इंची एल्बो (वळणाचे तुकडे) होते, दिसायला एकसारखे. त्यातला एक साध्या कार्बन स्टीलचा, बाकीचे दोन क्रोम-मॉली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या स्टीलचे. आधीच्या मेंटेनन्समध्ये काढले, आणि लावताना अदलाबदल झाली. कार्बन स्टीलचा एल्बो गरम हायड्रोजनच्या जागी गेला, तीनेक महिने तग धरला आणि फुटला. नशीब एवढंच की एकालाच किरकोळ लागलं, पण नुकसान तीन कोटी डॉलरच्या आसपास. फिटरची चूक म्हणायची का? दोन्ही बाजूंनी बसत होते, नंबर कुणी मारला नव्हता.

म्हणून काढण्याआधी नंबर. प्रत्येक स्पूल (पाइपचा सुटा तुकडा), प्रत्येक एल्बो, कव्हर, दोन्ही तोंडांना मॅचमार्क (जुळणीची खूण), आणि तो खडूने नाही, खडू हायड्रोजेटिंगला, म्हणजे जोराच्या पाण्याच्या धुण्याला, धुऊन जातो. अ‍ॅलॉयवर हार्ड पंच नको असेल तर तारेने पत्र्याचा टॅग. आणि लावल्यावर पीएमआय, म्हणजे गन लावून क्रोम किती मॉली किती ते बघायचं. हातातली एक्सरे गन कार्बन मोजत नाही हे लक्षात ठेवा, म्हणजे ३१६ आणि ३१६एल मधला फरक ती सांगणार नाही.

३. माणसं

ह्यावर मला फार शहाणपणा नाही. गँग म्हणजे दोन फिटर, तीन-चार खलाशी-हेल्पर, डोक्यावर एक मुकादम किंवा सुपरवायझर. मुकादमांची नावं पहिल्या दिवशी पाठ करा, त्यांच्या गावाकडचं एकदा विचारा. सगळ्यात चांगला फिटर रात्रीच्या शिफ्टला टाका, कारण दिवसा अडलं तर विचारायला दहा माणसं असतात, रात्री दोनला तोच असतो. सकाळचं टूलबॉक्स टॉक दहा मिनिटांच्या वर नको आणि हिंदीत बोला, वाचून दाखवू नका, "आज अपने को ये तीन फ्लँज खोलने हैं, इसमें पहले क्या था मालूम है क्या?" असं विचारा, उत्तर आलं नाही तर काम सुरू करू नका.

आखातात असाल तर उन्हाळ्यात दुपारच्या उघड्यावरच्या कामाला बंदी असते, यूएईत १५ जून ते १५ सप्टेंबर साडेबारा ते तीन, ते शेड्यूलमध्ये धरा. आणि आपल्याकडे काम पावसात आलं तर ताडपत्री, ताडपत्री आणि अजून ताडपत्री.

४. ब्लाइंड, परमिट आणि पहिला नट सैल करणं

ब्लाइंड लिस्ट ही तुमची गीता. प्रत्येक ब्लाइंडला नंबर, जागा, साइज, रेटिंग, कुणी टाकला, कधी, आणि पुढे रिकामा रकाना, कुणी काढला. ही लिस्ट कंट्रोल रूमच्या भिंतीवर मोठी लावा, फाइलमध्ये नको. युनिटजवळ एक रॅक करा, खुंट्यांवर नंबर टाकलेले, काढलेला ब्लाइंड त्याच खुंटीवर आला पाहिजे. चालू करताना खुंटी रिकामी दिसली म्हणजे ब्लाइंड अजून लाइनमध्ये आहे, इतकं सरळ.

परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, ही नुसती कागदी कटकट असं ज्याला वाटतं त्याला पायपर अल्फा सांगा. ६ जुलै १९८८, नॉर्थ सीमधला तेलाचा प्लॅटफॉर्म. कंडेन्सेटचे (गॅसमधून निघणारं हलकं तेल) दोन पंप. त्यातल्या एकाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला, उघड्या तोंडावर ब्लाइंड फ्लँज नुसता बसवून ठेवलेला. दिवसपाळी गेली, तो व्हॉल्व्ह परत लागलेला नाही हे रात्रपाळीपर्यंत पोचलं नाही, पंपाच्या कामाचा परमिट वेगळा आणि व्हॉल्व्हचा वेगळा. रात्री चालू पंप ट्रिप झाला, यांनी दुसरा लावला, त्या ब्लाइंडमधून कंडेन्सेट बाहेर. १६७ माणसं गेली. पुढे चौकशी समितीने १०६ शिफारशी केल्या, पण मेकॅनिकल लीडने स्वतःला विचारायचा प्रश्न एकच आहे, माझा उघडा फ्लँज रात्रीच्या माणसाला माहीत आहे का?

आपल्याकडे जयपूरला २९ ऑक्टोबर २००९ ला डेपो पेटला त्याच्याही मुळाशी टाकीच्या लाइनवरचा हॅमर ब्लाइंड होता, तो हाताळताना लाइन उघडी राहिली आणि तासाहून जास्त वेळ पेट्रोल बाहेर येत राहिलं, वाफ पसरली आणि मग स्फोट. परमिटसाठी आपल्याकडे ओआयएसडी (तेल उद्योगाचं सुरक्षा संचालनालय) १०५ आहे, छोटंसं स्टँडर्ड आहे, ते मात्र वाचा.

म्हणून हँडओव्हर ऑफिसात करायचा नाही. अर्धा तास दोन्ही शिफ्ट एकत्र, जागेवर, प्रत्येक उघड्या जॉइंटसमोर उभं राहून. हे लीडने स्वतः पहिले तीन दिवस करून दाखवलं की पुढे सुपरवायझर आपोआप करतात. तुम्ही गेला नाहीत तर तेही जात नाहीत.

आता पहिला नट सैल करणं. लाइन ड्रेन झाली, गेज झिरो दाखवतो, ऑपरेटर म्हणतो खाली आहे. तरीही लाइनमध्ये प्रेशर आहे असंच समजून उघडायचं. वाऱ्याच्या दिशेने उभं राहा, म्हणजे वारा तुमच्या पाठीवर. आपल्यापासून लांबच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करायचे, जवळचे नंतर, एकही पूर्ण काढायचा नाही. मग फट पाडायची, पाचर मारून, आणि थांबायचं. जे काय यायचं ते लांबच्या बाजूने येऊ द्या. पूर्ण शांत झालं की मग बाकीचे. फिटर लोक घाईत जवळचा नट आधी फिरवतात कारण तिथे हात पोचतो.

सल्फरवाल्या सर्व्हिसचा एक्स्चेंजर किंवा कॉलम उघडला की आत काळी भुकटी असते, आयर्न सल्फाइड. ती हवा लागली की स्वतःच पेट घेते. ओली ठेवायची, सतत. पाण्याची नळी आधी, बोल्ट नंतर.

कॉलममध्ये किंवा व्हेसलमध्ये माणूस जाणार असेल तर ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली नको, ज्वलनशील वायू शून्य, एच२एस (विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू) बघायचा, आणि दिवा २४ व्होल्टचाच, हे १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टपासून लिहिलेलं आहे. बाहेर होल वॉच, म्हणजे दारावर पहारा देणारा माणूस, बसवा आणि त्याला दुसरं काम सांगू नका, पाना आणायला पण नाही. नायट्रोजन भरलेल्या व्हेसलचा मॅनवे (माणूस आत जायचं भोक) असेल तर नुसती पिवळी पट्टी पुरत नाही, पक्कं बॅरिकेड आणि पाटी. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर सिटीला नायट्रोजन भरलेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये पडलेला टेपचा रोल काढण्याच्या नादात एक कामगार आत गेला, त्याला वाचवायला दुसरा उतरला, दोघंही गेले. नायट्रोजनला वास नसतो, घुसमट होत नाही, माणूस सरळ कोसळतो.

५. एक्स्चेंजर

हा शटडाऊनचा कणा आहे, म्हणजे संख्येने. क्रम ठरलेला: चॅनल कव्हर, शेल कव्हर, फ्लोटिंग हेड, चॅनल, मग बंडल ओढणं, हायड्रोजेटिंग, इन्स्पेक्शन, परत घालणं. बंडल ओढताना एक्स्ट्रॅक्टर लेव्हलला आहे का बघा, वाकडा ओढला तर बॅफल (नळ्यांना आधार देणारी ताटं) शेलला घासून बंडल अडकतं, आणि मग चेन ब्लॉक लावून जोर काढायचा मोह होतो. तो टाळा, थांबा, सरळ करा.

बंद करताना तीन टेस्ट. पहिली शेल टेस्ट, फ्लोटिंग हेडच्या जागी टेस्ट रिंग लावून शेलमध्ये प्रेशर, ह्यात कुठली ट्यूब गळते आणि ट्यूब-ट्यूबशीटचा जॉइंट कुठे सुटलाय ते समोरून दिसतं. दुसरी ट्यूबकडची, फ्लोटिंग हेड लावून. तिसरी शेल कव्हर लावून. काही ठिकाणी दिवस वाचवायला कुणीतरी म्हणेल पहिली सोडून देऊ, दुसरीत कळेलच. कळेल, पण फ्लोटिंग हेड गळतंय का ट्यूब गळतेय ते कळणार नाही आणि तुम्ही हेड दोनदा उघडाल. ट्यूब प्लग केल्या तर मोजून, नकाशावर खूण करून, फोटो काढून ठेवा. साधारण दहा टक्क्यांपर्यंत लोक प्लग करून भागवतात, पुढे प्रोसेसवाल्यांशी बोलल्याशिवाय जाऊ नका.

टेस्टच्या पाण्याचं बघा, विशेषतः समुद्राकाठी. स्टेनलेस असेल तर क्लोराइड ५० पीपीएमच्या आत ठेवायची सर्रास पद्धत आहे, टँकरचं खारट पाणी घातलं की काही महिन्यांनी केसासारख्या चिरा पडलेल्या दिसतात आणि तेव्हा कुणालाच आठवत नाही कुठला टँकर होता. गेज दोन लावा, रेंज टेस्ट प्रेशरच्या दुपटीच्या आसपास, कॅलिब्रेशनचं स्टिकर बघून. वरचा व्हेंट उघडून हवा पूर्ण काढा. पाइपिंगला बी३१.३ ह्या कोडप्रमाणे डिझाइन प्रेशरच्या दीडपट आणि निदान दहा मिनिटं, व्हेसलचा हिशोब वेगळा असतो तो इन्स्पेक्शनकडून लेखी घ्या.

६. नट आवळणं

हसू नका, ह्यावर अख्खं स्टँडर्ड आहे, अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेचं, एएसएमई पीसीसी-१. आणि तरी निम्म्या ठिकाणी लांब पाइप घालून "बसला" म्हणेपर्यंत आवळतात.

तुम्ही पान्याला जो जोर देता त्यातला साधारण दहा टक्केच स्टड ताणायला जातो, बाकीचा नटाखाली आणि आट्यांमध्ये घासून संपतो. म्हणून ग्रीस हा विषय टॉर्कपेक्षा मोठा आहे. हिशोब करून दाखवतो. १ इंची बी७ स्टड, ३४५ एमपीए ताण पाहिजे, क्षेत्रफळ ३९१ चौरस मिमी, म्हणजे सुमारे १३५ किलोन्यूटन लोड. चांगलं मॉलीचं ग्रीस असेल तर घर्षणाचा आकडा ०.१६ धरा, टॉर्क आला ५४८ न्यूटन मीटर. आता तोच टॉर्क, पण स्टड गंजलेला, कोरडा, आकडा ०.३०. लोड मिळाला फक्त ७२ किलोन्यूटन. पाना तेच दाखवतो, कागदावर सही होते, आणि जॉइंट जवळजवळ अर्धाच आवळलेला.

तेव्हा आटे वायर ब्रशने साफ, नट हाताने शेवटपर्यंत फिरला पाहिजे, ग्रीस आट्यांना आणि नटाच्या बसणाऱ्या बाजूला. गॅस्केटला ग्रीस अजिबात नाही, ती खाली पडू नये म्हणून लोक थापतात. फ्लँजच्या तोंडावर हात फिरवा, गोल बारीक रेघा असतातच, त्या हव्यातच, पण आतून बाहेर जाणारी आडवी रेघ दिसली की थांबा, गळती तिथूनच. आठ बोल्ट असतील तर १-५-३-७-२-६-४-८ असा क्रम, पहिल्या फेरीत ३० टक्के, मग ७०, मग १००, आणि शेवटी गोल फिरत एकेक नट हलत नाही तोपर्यंत. मोठ्या जॉइंटला चार तासांनी परत एक गोल फेरी, गॅस्केट बसते आणि लोड थोडा पडतो. प्रत्येक फेरीला फट चारी बाजूंनी मोजा. नटाबाहेर एक-दोन आटे दिसले पाहिजेत.

प्रत्येक जॉइंटला टॅग, दोन भागांचा. आवळणाऱ्याचं नाव त्यावर. नाव लिहायचं म्हटलं की हात आपोआप नीट चालतो, हे मी माझ्याच हाताबद्दल सांगतोय.

७. पंप आणि लिफ्टिंग, थोडक्यात

पंपाचं अलाइनमेंट लेझरने होतं, छान रिपोर्ट येतो. पण त्याआधी दोन गोष्टी. एक सॉफ्ट फूट, म्हणजे एखादा पाय नीट न टेकणं, एकेक पायाचा बोल्ट सैल करून डायल बघा, ०.०५ मिमीच्या वर उठला तर शिम (खाली घालायचा पातळ पत्रा). दुसरं पाइपचा ताण, डायल कपलिंगवर लावा आणि फ्लँजचे बोल्ट आवळताना सुई किती हलते बघा, तिथेही ०.०५ मिमी. चेन ब्लॉकने ओढून फ्लँज जुळवलेला पंप सहा महिन्यांत सील मागणार. गरम होणाऱ्या मशीनला वाढ धरा, स्टील मीटरला एका डिग्रीला सुमारे १२ मायक्रॉन वाढतं, म्हणजे शाफ्ट पायापासून अर्धा मीटर उंच आणि पाय १०० डिग्रीने तापला तर ०.६ मिमी वर. थंडीत एकदम सरळ लावलेलं गरम झाल्यावर सरळ राहत नाही.

लिफ्टिंगला स्लिंगचा कोन. १० टनाचं बंडल, दोन पाय, आडव्या रेषेशी ६० डिग्री असेल तर एका पायावर ५.८ टन येतात. ३० डिग्री केला तर १० टन, प्रत्येक पायावर. क्रेनवाला बूम खाली करतो, रिगर स्लिंग आखूड घेतो, आणि कुणालाच वाटत नाही काही बदललंय. बाकी लिफ्टिंग प्लॅन रिगिंगवाल्यांना करू द्या, तुम्ही हुकाखाली माणूस नाही एवढं बघा.

८. बॉक्सअप, आणि माझं बारदान

आता माझी स्वतःची गोष्ट, कंपनीचं नाव राहू दे. युनिट चालू करताना एका चार्ज पंपाचं सक्शन प्रेशर पडायला लागलं. स्ट्रेनर (पंपाआधीची गाळणी) उघडला. आत ओलं, काळं, पिळलेलं गोणपाटाचं बारदान. माझ्याच गँगने पाइप कापताना ग्राइंडिंगची घाण आत जाऊ नये म्हणून कोंबलं होतं, चांगल्या हेतूने, दिवसपाळीत. रात्रपाळीने स्पूल लावला. त्यांना बाहेरून काय दिसणार. १४ तास गेले, आणि मला मॅनेजरसमोर ते बारदान हातात धरून उभं राहावं लागलं. तेव्हापासून तात्पुरतं जे काही आत जातं, बारदान, लाकडी गुटका, प्लास्टिक कॅप, टेस्ट प्लग, त्याला ब्लाइंडसारखा नंबर आणि त्याच भिंतीवरच्या लिस्टमध्ये ओळ, आणि त्याला बाहेर लोंबणारी लाल दोरी बांधायची.

बॉक्सअपला, म्हणजे सगळं परत बंद करताना, मॅनवे बंद करण्याआधी तिघं बघतात: इन्स्पेक्शन, प्रॉडक्शन आणि तुम्ही. टॉर्च घेऊन आत स्वतः वाका. कॉलमच्या आतल्या ट्रेचे मॅनवे खालून वर मोजत जा. सही झाली की लगेच, तासाभरात कव्हर, उघडं ठेवून जेवायला गेलात तर परत बघा.

पंच लिस्ट (राहिलेल्या कामांची यादी) दोन भागात, चालू करण्याआधी होणारच अशी आणि नंतर चालेल अशी. पहिल्या भागात एकही ओळ दुसरीकडे सरकवायला कुणी सांगितलं तर नाव आणि सही मागा. मग नायट्रोजनने लीक टेस्ट, साबणाचं पाणी, प्रत्येक उघडलेल्या जॉइंटला टॅगप्रमाणे, आणि टॅगचा अर्धा भाग फाडून हातात घ्यायचा. शेवटी हातातले तुकडे मोजायचे, यादीतल्या आकड्याशी जुळवायचे.

९. संध्याकाळची मीटिंग

तिथे टक्के सांगू नका. "सत्तर टक्के झालं" म्हणजे काहीच नाही. असं सांगा: ४८ पैकी ३१ उघडले, २२ साफ, ९ टेस्ट झाले, ४ बंद, ब्लाइंड १४३ आत. वाईट बातमी पहिल्या मिनिटाला, शेवटी नाही, कारण शेवटी सगळे फोन उचलून निघतात. आणि जी गोष्ट माहीत नाही तिथे "सकाळी आठला सांगतो" म्हणा आणि आठला सांगा.

चालू झाल्यावर लगेच घरी पळू नका. तापमान चढताना, पहिले दोन-तीन दिवस, गरम जॉइंट घाम सोडतात, तुमचे दोन चांगले फिटर आणि एक सुपरवायझर ठेवून घ्या. चालू लाइनवर नट आवळायची वेळ आली तर तो वेगळा परमिट, वेगळा विचार, फिटरने परस्पर पाना लावायचा नाही.

आणि आठ दिवसांच्या आत, डोक्यात आहे तोवर, वही काढून लिहा: कुठली गॅस्केट कमी पडली, कुठल्या फ्लँजचा साइज ड्रॉइंगपेक्षा वेगळा निघाला, कुठल्या बंडलला समोर जागा नव्हती. पुतण्याचा काल परत फोन आला होता. ब्लाइंडच्या रॅकला खुंट्या १५० ठोकल्यात म्हणाला, लाल दोरी कुठल्या दुकानात मिळेल विचारत होता. मोहम्मद अली रोडला बघ म्हटलं, आणि दोन किलो जास्तच घे.